सकाळची यादी

९ मार्च

भाऊजी,

आधी एकच विचारते, खुशाली नंतर. ते तुम्ही करताय का?

रागाने विचारत नाहीये. तुम्ही करत असाल तर नुसतं 'हो' कळवा, माझ्या जिवाला स्वस्थता मिळेल. तुमचे दादा जाऊन चार महिने होऊन गेले. तरीही रोज पहाटे आपल्या डायलिसिसच्या पाळ्या लावायच्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या नावाने एक नोंद पडते. नाव त्यांचं. नावाशेजारी एवढ्याशा गोलात फोटो त्यांचा. शब्दसुद्धा त्यांचेच: 'सकाळची यादी. सगळं ठीक.' आजही पडली. मी चहाचं आधण ठेवायच्या आधीच पडलेली होती.

तुमच्यावर संशय का, तर कोड ठेवायची ही सगळी व्यवस्था तुम्ही बसवली होतीत. कोणी काय बदललं, कधी, कशासाठी, सगळं कायमचं लिहून राहतं, म्हणून तुम्ही किती खूश होतात! ह्यांचा पासवर्ड दोनच माणसांना ठाऊक होता. त्यातलं एक आता नाही. दुसरं परदेशात जाऊन बसलंय आणि कित्येक वर्षांत बोललेलं नाही. मग मी काय समजू?

हे माझ्या नजरेला कसं पडलं, ते सांगते. मी शिकतेय. हसू नका. तुम्ही गेल्यानंतर आमच्याकडे एक इंजिनिअर मुलगी आली. अंगाने काडी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणतात. आता तिला सातवा लागेल, तरी नाव तेच राहिलंय. ह्यांच्या मागे सगळा कोड ती एकटी सांभाळते. मे महिन्यात ती रजेवर जाणार. तोवर ऑफिसात दुसरं कोणीतरी तयार व्हायला हवं, आणि दुसरं कोणी म्हणजे मीच. इतकी वर्षं मी फक्त फोन घेतले. कुठल्या सेंटरला कोणतं मशीन बंद पडलंय, कुठल्या पेशंटला सकाळची पाळी हवीय, हे ऐकायचं आणि आत ओरडून सांगायचं. आता आत ओरडायला कोणी नाही.

पहिल्या दिवशी मी एका फाइलमधलं चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं आणि नोंदीत लिहिलं, 'बदल केला.' बारकी म्हणाली, "काकू, ते दिसतंच आहे. काय बदललं आणि का, ते लिहा ना." पुढच्या वेळी मी पानभर लिहिलं. "काकू, हे काय, आत्मचरित्र?" मग नोंदी कशा लिहितात ते बघावं म्हणून जुन्या उघडल्या, आणि सगळ्यात वर हे. तारीख त्याच दिवसाची.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तिथे नुसती उभी राहिले. बारकीला अजून बोललेले नाही.

तुमचा फोन लागत नाही, मेल परत येते. हा पत्ता तुम्ही पूर्वी पाठवलेल्या पार्सलवरचा. पोचतंय की नाही देव जाणे.

आणि हो. तुम्हीच करत असाल, तर बंद करू नका. खरं म्हणजे एवढंच सांगायला पत्र लिहायला बसले होते.

वहिनी


१८ मार्च

भाऊजी,

तुम्ही नव्हतात. उगाच बोल लावला, मनात ठेवू नका.

मी बारकीला आडून विचारलं, "काय गं, गेलेल्या माणसाच्या नावाने नोंद होऊ शकते का?" तिने माझ्याकडे बघितलं, उठली आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे टेबलाखाली ह्यांचा जुना कॉम्प्युटर आहे. वरचा पडदा बंद, पण खालचा डबा चालूच. इतके महिने मी त्या खोलीत फक्त दार उघडून केर काढत होते, त्यामुळे त्याची घरघर मला फ्रिजची वाटायची.

सगळ्या सेंटरमधल्या मशीनची यादी हे त्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या हाताने ठेवायचे. एखादं मशीन नवीन आलं किंवा हललं, की तिथल्या मेट्रनबाईंचा फोन यायचा, मी आत सांगायचे, आणि हे यादीत बदल करायचे. रोज पहाटे तो डबा आपणहून जागा होतो, यादीच्या डोक्यावर त्या दिवसाची तारीख घालतो आणि ह्यांच्या नावाने पाठवून देतो. वाक्य एकदा ठरवून दिलेलं. माणूस गेलं, हे त्या डब्याला कोण सांगणार?

"बंद करू?" बारकीने विचारलं.

"राहू दे. काय बिघडतंय?"

तिने ओठ मुडपले. "बरं," म्हणाली. तिला पटलेलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून पोरगीने हट्ट धरला नाही.

शिक्षण चालू आहे. सरावासाठी तिने एक वेगळी फाइल काढलीय, 'ऑफिसचे नियम'. ती तिच्या कॉम्प्युटरवर लिहिते, मी माझ्या, आणि मग दोघींचं एकत्र करायचं. मुख्य फाइलला थेट हात लावायचा नाही. आपली वेगळी शाखा काढायची, तिच्यावर काय तो गोंधळ घालायचा, आणि दुसऱ्याने वाचून हो म्हटलं की मग मुख्य फाइलमध्ये मिसळायचं. काल तिने लिहिलं, 'जाताना पंखा बंद करावा.' मी त्याच ओळीत लिहिलं, 'पंखा चालू ठेवावा, खिडकी उघडत नाही.' एकत्र करायला गेलो तर कॉम्प्युटर अडून बसला. तिचं म्हणणं वर, माझं म्हणणं खाली, मध्ये बरोबरच्या चिन्हांची लांबलचक रेघ. ह्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. मी घाबरले, म्हटलं मोडलं वाटतं.

"काही मोडलेलं नाही काकू. ते म्हणतंय, मला ठरवता येत नाही, तुम्ही दोघी बसा आणि ठरवा."

"आणि ठरलंच नाही तर?"

"तर तसंच थांबून राहील."

आम्ही ठरवलं. 'पंखा बारीक ठेवावा.' ती हसली. मला मात्र तुम्ही दोघं आठवलात आणि पुढचा धडा डोक्यात शिरेना.

वहिनी


६ एप्रिल

भाऊजी,

पत्रं परत येत नाहीत. म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी ती घेतंय. तुम्हीच असाल असं धरून चालते.

बारकीने मला एक नवीन खोड लावून दिलीय. कोडच्या कुठल्याही ओळीशी जाऊन विचारायचं, ही कोणी लिहिली? लगेच शेजारी नाव येतं आणि तारीख. मी आता कामाचं सोडून हेच करत बसते. पाळ्या लावायचा जो सगळ्यात जुना भाग आहे, त्यात तुमचं नाव, ह्यांचं नाव, पुन्हा तुमचं, पुन्हा ह्यांचं. एका पांघरुणात झोपलेली दोन पोरं कशी पाय एकमेकांत अडकवून झोपतात, तसं. मग एका जागी तुमचं नाव संपतं. तिथून खाली सलग एकच नाव.

कोडच्या मध्ये मध्ये ह्यांनी स्वतःसाठी टिपणं टाकून ठेवलीत. 'हे घाईत केलंय, उद्या बघतो.' 'रविवारची सुट्टी धरलेली नाही, उद्या बघतो.' 'असं का चालतं कळत नाही, पण चालतंय. उद्या बघतो.' मी 'उद्या' शब्द शोधायला दिला तर पडदाभर उद्या. पहिल्यांदा हसले. घरी नळ गळत असला तरी हेच ऐकायला मिळायचं. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

तुमच्या भांडणाबद्दल मी कधी बोलले नाही. त्या दिवशी मी पलीकडे फोनवर होते आणि भिंत किती जाड आहे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कित्येक महिने एकटे बसून पाळ्या लावायची नवीन पद्धत लिहिलीत, कोणाला न दाखवता. आणि एके दिवशी सगळी एकदम आणून ह्यांच्यापुढे ठेवलीत. "दादा, तू वाचलंस तरी का?" असं तुम्ही विचारत होतात. हे म्हणत होते, "एवढं सगळं कोण वाचणार? काय आहे ते चालतंय ना?" मग तुम्ही न विचारता ती चालू करून टाकलीत. दोन सेंटरमध्ये पाळ्यांचा खेळखंडोबा झाला, आणि ह्यांनी तुमचं सगळं काम एका फटक्यात उलटवलं. संध्याकाळी तुम्ही चप्पल घालून गेलात ते गेलातच.

मी हे बारकीला सांगितलं. माणसांची नावं न घेता, पण ती काय दुधखुळी आहे? ती म्हणाली, "एवढं मोठं एकदम आणलं तर कोणीही नको म्हणेल, काकू. थोडं थोडं दाखवायचं असतं. पण न वाचता नको म्हणणं हे त्याहून वाईट." तिचं बोलणं तुम्हा दोघांनाही बरोबर लागू पडलं. मला न्याय करायचा नाही, भाऊजी. तुमचा न्याय करणारा तर घरातून गेला, आता मी आरोपी कशाला शोधू.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. पहाटे जाग येते. तुम्ही ओळखलंच असेल कशासाठी. आमचं घर वर आणि ऑफिस खाली, त्यामुळे जिन्यात बसलं की मागच्या खोलीतला तो पंखा घुर्र करून चढलेला ऐकू येतो. कोणी खुर्ची ओढून कामाला बसावं तसा. थोड्या वेळाने उतरतो. मग मी माझा लॅपटॉप उघडते. 'सगळं ठीक.' मी पण म्हणते, हो, ठीक. आणि स्वयंपाकाला लागते.

कोणाला सांगू नका. तसं तुम्ही कोणाला सांगणार म्हणा.

वहिनी


२९ एप्रिल

भाऊजी,

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. आठवडा गेला.

टेकडीजवळच्या सेंटरच्या मेट्रनबाई तुम्हाला आठवत असतील. भरड्या आवाजाच्या, पण जीव लावणाऱ्या. त्यांनी त्यांच्याकडचं एक मशीन वेगळ्या खोलीत हलवलं आणि त्याला लाल पट्टी लावली. रक्तातून पसरणारी कावीळ असलेल्या पेशंटसाठीच ते वापरायचं, दुसऱ्या कोणाला लावायचं नाही. मला फोनवर सांगितलं, मी बारकीला सांगितलं, तिने यादीत बदल केला, मी तो वाचला आणि हो म्हटलं. सगळं शिकवल्याप्रमाणे. मला किती अभिमान वाटला काय सांगू. कोणाचा तरी बदल मी तपासून आत घेतला होता!

दुसऱ्या दिवशी पहाटे पंखा चढला. जुन्या कॉम्प्युटरने आमची यादी उतरवून घेतली, तिच्यावर स्वतःची जुनी यादी ठेवली, वर तारीख घातली आणि पाठवून दिली. सगळं ठीक. मी जिन्यात बसून ऐकत होते. ह्यांच्यामागे यादीत काही बदलायची वेळच आली नव्हती, म्हणून इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. पण मला माहीत होतं ना. तो डबा काय पाठवतो हे मला समजावून सांगितलं होतं. आदल्या दिवशी बदल आत घेताना ते माझ्या ध्यानातच आलं नाही. कारण मला ती यादी वाटतच नव्हती. मला ते तुमचे दादा वाटत होते.

मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा मीच उचलला.

"तुमच्या कॉम्प्युटरला वेड लागलंय का? माझ्या पाळीवर नवीन मुलगी आहे. तिने तुमच्या कागदावर बघून पेशंट नेली त्या खोलीत. बाई हात पुढे करून बसलेल्या! सुई हातात! मी लाल पट्टी बघितली म्हणून."

"लावली नाही ना?"

"लावली असती तर मी फोन केला असता का तुम्हाला? मी पोलिसांना केला असता."

आणि मग भरडा आवाज एकदम खाली आला. "साहेब असताना असं कधी झालं नाही हो," म्हणाल्या.

भाऊजी, त्यांच्या नावानेच झालं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

बारकीने नोंदी उघडल्या. वर ह्यांचं नाव, खाली माझं, त्याखाली तिचं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीच म्हटलं, "चल, बंद करू."

"मी करते काकू, तुम्ही बसा इथेच."

"नको. मला दाखव कसं करायचं."

मागच्या खोलीत मी त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले. बारकी शेजारी स्टूल घेऊन बसली, पाय पसरून, कंबर धरून. पडदा लावला. तिने सांगितलं तिथे गेले. पहाटे उठायचा हुकूम म्हणजे एवढीशी एक ओळ होती. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

"ही पुसायची?"

"पुसा. आपण तिची प्रत ठेवलीय, हवी तर कधीही बघता येईल."

मी पुसली. त्याआधी दोनदा भलतंच बटण दाबलं. मग बारकीने केलेला यादीतला बदल परत जागेवर आणला, ती नोंद मी माझ्या नावाने केली. काय बदललं आणि का, एका ओळीत. लिहिलं, 'वेगळ्या खोलीतलं मशीन पुन्हा वेगळं दाखवलं, कारण रोजची आपोआप येणारी यादी जुनी होती.' बारकीने वाचलं. "चांगलं लिहिलंत," म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली. मी तिला पाणी दिलं.

कॉम्प्युटर आम्ही बंद केला. त्याची घरघर थांबल्यावर कळलं की ऑफिसला केवढा मोठा आवाज होता.

आता पहाटे जाग येते आणि काहीच होत नाही. पानावर नवीन नोंदी वर येतात, जुन्या खाली खाली सरकतात. काल ह्यांचा फोटो बघायला बोटाने पान ओढावं लागलं.

वहिनी


१२ मे

भाऊजी,

आज कामापुरतं लिहिते, टपाल निघायची वेळ झालीय.

मेट्रनबाई स्वतः येऊन गेल्या. म्हणाल्या, "ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं असं मला चालणार नाही. दोन माणसं असतील तर तुमचा प्रोग्रॅम ठेवते. नाहीतर बाकीच्या सेंटरनाही सांगते, आपण पुन्हा फळ्यावर खडूने लिहू." त्यांचं बरोबर आहे. बारकीने लगेच तसा नियमच करून टाकला, की दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय कोणाचीही ओळ आत जाणार नाही. माझी नाही, तिचीही नाही. कुलूप लावल्यासारखं.

पण बारकीचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी तिला आडवं राहायला सांगितलंय. ती गेली की पहिलं माणूस मी. दुसरं कोण?

माणूस शोधलं नाही असं नाही. दोघंजण येऊन गेले. एकाने सगळं नव्याने लिहू म्हटलं, दुसऱ्याने ह्यांची टिपणं मोठ्याने वाचून हसून दाखवलं. त्याला मी चहा न देता पाठवलं.

तुमचं नाव व्यवस्थेत अजून आहे. ह्यांनी ते कधी काढलं नव्हतं. का, ते मला विचारू नका, मला सांगितलेलं नाही. बारकीने तुमचं दार पुन्हा उघडून ठेवलंय. मी एक छोटा बदल लिहिलाय, माझा स्वतःचा: मशीनवर लाल पट्टी असल्याची वेगळी नोंद असेल, तर यादीत काही का असेना, दुसऱ्या पेशंटला ते द्यायचंच नाही. मोजक्या ओळी आहेत. तपासणारा म्हणून तुमचं नाव घातलंय.

नाही म्हणायचं असेल तर वाचून म्हणा.

वहिनी


५ जून

भाऊजी,

बारकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मुलगी बारकी नाही, चांगली गुटगुटीत आहे.

तुम्ही पडद्यावर आलात तेव्हा मी हॉस्पिटलमधून परत येऊन पाय धूत होते. लॅपटॉप टुणकन वाजला. इतके दिवस त्या बदलाशेजारी पिवळा ठिपका होता, तपासणी बाकी म्हणून. मी रोज उघडून बघत होते आणि रोज तसाच. मेट्रनबाईंना थापा मारून झाल्या होत्या, की आमचा दुसरा माणूस जरा बाहेरगावी आहे. त्यात खोटं तरी काय होतं?

तुमचं वाक्य मी उभ्या उभ्याच वाचलं. 'वहिनी, ही अट उलटी आहे. लाल पट्टीचं मशीन असं सगळ्यांना मिळेल आणि साधं कोणालाच नाही.'

आधी वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी बोललात ते चूक दाखवायला. मग ती ओळ पुन्हा वाचली. खरंच उलटी होती. एक 'नाही' लिहायचा राहिला होता. बारकी शेवटी शेवटी पडून होती, तिला मी दाखवलं नव्हतं, उगाच त्रास नको म्हणून. तुम्ही नसतात तर आणि कुलूप नसतं तर मी ते तसंच आत ढकललं असतं, आणि नोंदीत छान एका ओळीत कारणही लिहिलं असतं.

पुढे तुम्ही लिहिलंत, की ही अट चुकली तर आरडाओरडा करेल अशी एक चाचणी आधी लिहा, मग अट सुधारा. मी विचारलं, चाचणी कशी लिहितात? तुम्ही एक लिहून दाखवलीत, दुसरी मला लिहायला लावलीत. तीन वेळा परत पाठवलीत. तुमचे दादा म्हणायचे, "त्याच्या हाताखाली काम करणं म्हणजे गणिताच्या मास्तरांकडे राहायला जाणं." हे मी मुद्दाम सांगतेय, कारण हे ते तुम्ही गेल्यानंतर म्हणायचे, आणि बरेचदा.

शेवटी हिरवी खूण आली. 'ठीक आहे. घ्या आत.' मी घेतलं. टेकडीच्या सेंटरला फोन केला. मेट्रनबाईंनी मुद्दाम चुकीचं नाव घालून बघितलं, प्रोग्रॅमने दिलं नाही. "दुसरा माणूस परत आला वाटतं," म्हणाल्या.

आणि मग त्या हिरव्या खुणेच्या खाली, त्याच चौकटीत, तुम्ही लिहिलंत, 'दादा कसा गेला?'

मला तिथे उत्तर लिहिता येईना. तिथे लिहिलेलं कोडबरोबर कायमचं राहतं, उद्या नवीन येणारं प्रत्येक माणूस वाचेल. म्हणून इथे लिहिते.

दुपार होती. जेवणं झाली होती. बाहेर ऊन होतं आणि मागच्या खोलीत गारवा असतो, म्हणून हे तिथे जाऊन बसले. जाताना मला म्हणाले, "पाळीचं कोणी विचारलं तर सांग, चारपर्यंत देतो." हे शेवटचं बोलणं. त्यात तुमचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. लोक म्हणतात तसं काही झालं नाही.

कुठल्याशा सेंटरचा फोन आला, संध्याकाळची एक पाळी हवी होती. ते विचारायला मी आत गेले, तर टेबलावर हातांची घडी आणि तिच्यावर डोकं. शाळेतली पोरं शेवटच्या तासाला झोपतात तसे. मला वाटलं डोळा लागला. रात्रभर खोकत होते, झोप झाली नव्हती. चष्म्याची काडी गालात रुतत होती, म्हणून तो हलकेच काढला आणि बाजूला ठेवला. गाल गरम होता, भाऊजी. मी दार लोटून घेतलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, मी चष्मा काढला तेव्हाच ते गेलेले होते, अगदी नुकतेच. एका झटक्यात, काही कळायच्या आत. कोणी काही करू शकलं नसतं. मी ते मानते. दिवसा मानते.

पुढे लोक आले आणि गेले. ऑफिस चालू ठेवणार का, पासवर्ड कोणाकडे आहेत, धाकट्या भावाला कळवलंत का, सगळं विचारून झालं. कसे गेले असं विचारलं की मी 'हार्ट' म्हणायचे आणि समोरचा मान हलवायचा. ती दुपार कोणी मागितली नाही. तुम्ही मागितलीत, म्हणून सगळी देते.

मी बाहेर येऊन फोनची घंटी बारीक केली. बारकी काहीतरी विचारायला फाइल घेऊन निघाली होती, तिला म्हटलं, "झोपू दे गं जरा." मेट्रनबाईंचा फोन आला, तर त्या म्हणाल्या, "आवाज का असा तुमचा?" मी सांगितलं, "साहेब झोपलेत." मग त्याही हळू बोलायला लागल्या. अख्खी दुपार आम्ही कुजबुजत काम केलं. एकदा बारकीच्या हातून पेला निसटला आणि फरशीवर खळ्ळकन फुटला. मी तिच्यावर डोळे वटारले, आणि दोघी श्वास धरून दाराकडे बघत राहिलो, की त्यांना जाग तर नाही ना आली.

वहिनी